छडी आणि पोलीस ठाणं यांच्या मधली वाट: शाळेतलं गैरवर्तन कसं हाताळायचं

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं नववीतल्या दोन पोरांची जुंपली आणि एकाचा पुढचा दात तुटला, तर पूर्वी हेडमास्तर दोघांनाही निरगुडीच्या फोकानं झोडपत आणि बापांना बोलावून घेत. बापही 'चामडी तुमची, हाडं आमची' म्हणून परत जात. तासाभरात प्रकरण मिटे. आज तोच दात भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 खाली 'जबर दुखापत' ठरतो आणि त्याची कमाल शिक्षा 7 वर्षं आहे. मारणाऱ्या शिक्षकावर वेगळी तक्रार होऊ शकते ती निराळीच.

हे कळल्यापासून मराठवाड्यातल्या शाळांत दोन टोकं दिसतात. एकीकडे 'आता पोरांना काही म्हणायची सोय राहिली नाही' म्हणून हात झटकणं, दुसरीकडे प्रत्येक भांडणात पोलिसांचा 112 नंबर फिरवणं. दोन्ही चूक. छडीचं काम चालायचं ते तिच्या मारामुळं कमी आणि ती त्याच दिवशी, त्याच जागी पडायची म्हणून जास्त. बोटांत पेन्सिल धरून दाबणं, ओणवं करणं, कोंबडा करणं हे सगळं गेलं ते बरंच झालं. पण त्याच दिवशी दखल घेण्याची सवयही सोबत गेली, आणि तिथं गाडी बिघडली. पुढची सगळी पद्धत ती सवय परत आणण्यासाठी आहे.

काय करता येत नाही, ते आधी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते: जिल्हा परिषदेत 1964 चे शिस्त व अपील नियम, खासगी अनुदानित शाळेत 1981 ची सेवाशर्ती नियमावली. या कायद्यातलं 'बालक' 6 ते 14 वर्षांचं, म्हणून 'नववी-दहावीला चालतं' असा समज स्टाफरूममध्ये पक्का बसलाय. तो खोटा आहे. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये 18 वर्षांपर्यंत सगळी मुलंच, आणि कलम 75 खाली ताब्यातल्या मुलावर क्रूरता करणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांची देखभाल सोपवलेल्या संस्थेचा कर्मचारी असेल तर 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांपर्यंत दंड. एक चापट म्हणजे आपोआप कलम 75 असं नाही. अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक त्रास झाला का, हे पाहिलं जातं. पण ते पाहिलं जातं न्यायालयात, आणि तिथं पोहोचेपर्यंतच माणूस अर्धा होतो.

उलट त्याच अधिनियमाच्या कलम 82 चा धाक शिक्षकांना दाखवला जातो, तो चुकीचा. ते कलम बालगृहं, निरीक्षणगृहं अशा बाल संगोपन संस्थांसाठी आहे, शाळेसाठी नाही. अल्पसंख्याक संस्थांनी चालवलेल्या (उर्दू किंवा इतर माध्यमाच्या) शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालानं शिक्षण हक्क कायद्यातून सूट मिळाली. बाल न्याय अधिनियम आणि न्याय संहिता मात्र त्यांनाही तितक्याच लागू.

आता ज्या गोष्टी 'मारणं नाही' म्हणून सर्रास चालतात, त्या. उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, गुडघ्यावर बसवणं, बाकावर उभं करणं या शारीरिक शिक्षाच आहेत. एप्रिलमधल्या सकाळच्या शाळेतही साडेदहाचं ऊन पोराला भोवळ आणतं. पोषण आहाराची खिचडी रोखणं, पाणी किंवा लघवीला जाऊ न देणं हेही बसत नाही. परिपाठात नाव पुकारून शरम आणणं, बापाच्या धंद्यावरून किंवा जातीवरून बोलणं हा मानसिक छळ. जातीवरून बोललेलं अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक (अ‍ॅट्रॉसिटी) कायद्यापर्यंत जाऊ शकतं.

आणि टीसी. आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं. म्हणून काही शाळा बापाकडूनच 'मला टीसी हवी' असा अर्ज लिहून घेतात. कागदावर स्वेच्छा, प्रत्यक्षात हकालपट्टी. पालक नंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला आणि अर्जाची तारीख भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची निघाली, की बचाव उरत नाही.

प्रकरण कोणाचं: वर्गाचं, शाळेचं की कायद्याचं

मारामारी थांबल्याबरोबर पहिला प्रश्न हा. उत्तर चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

गृहपाठ न आणणं, वर्गात गोंधळ, उलट उत्तर, वही फाडणं, उशीर हे वर्गशिक्षकाचं. मुख्याध्यापकांकडं पाठवूच नये. दर वेळी पाठवलं की पोराला कळतं, या गुरुजींच्या हातात काही नाही.

मारामारी, किरकोळ चोरी, शाळेच्या मालमत्तेची नासधूस, दादागिरी, पळून जाणं हे शाळेचं. इथं मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक आणि गरजेप्रमाणं शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत 75 टक्के पालक असतात, त्याचा उपयोग करून घ्यावा. पालकाचं पालक ऐकतो.

लैंगिक अत्याचार, हत्यार, मोडलेलं हाड किंवा दात, रॅगिंग, मुलांचा आक्षेपार्ह व्हिडिओ, जातीवाचक अवमान, अमली पदार्थ हे कायद्याचं. यात शाळेनं 'मिटवणं' हाच पुढं गुन्हा ठरू शकतो.

गैरहजेरी कुठल्याच खणात नाही. बीड, परभणी, जालना भागात ऊसतोडीला आईबाप दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. अशा पोराला 'पालकांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नकोस' म्हणणं म्हणजे त्याचं शिक्षण सोडवणं. त्याची शिस्त आजी-आजोबांशी बोलून लागते. हजेरीच्या वहीत आजीचा फोन, आईबापाचा फोन आणि मुकादमाचा नंबर असे तीन क्रमांक जून महिन्यातच घेऊन ठेवावेत. हंगामी वसतिगृहात असेल तर तिथल्या काळजीवाहकाचाही.

पहिला तास

आधी दोघांना वेगळं करा, वेगळ्या खोल्यांत, प्रत्येकाजवळ एक शिक्षक. एकत्र उभं करून 'कोणी सुरू केलं?' विचारलं की दोघं खोटं बोलायला शिकतात आणि बघणारे साक्षीदार फुटतात. मुलगी असेल तर शिक्षिका जवळ हवी.

लागलं असेल तर चौकशी नंतर. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवताना सोबत शिक्षक, दोन्ही घरी फोन. तुटलेला दात मिळाला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून सोबत द्यायचा. अखंड निघालेला दात तासाभरात बसवला तर वाचण्याची शक्यता असते. दवाखान्यात 'पडला' असं सांगू नका. केसपेपरवरचं ते वाक्य नंतर सगळ्यांच्या गळ्यात येतं.

मग प्रत्येकाचं म्हणणं एकेकट्यानं ऐका. 'काय झालं?' एवढंच विचारा आणि थांबा. माफीनामा लिहून घेऊ नका, निदान त्या दिवशी तरी नको. शिक्षकानं मजकूर सांगितलेला आणि पोरानं सही केलेला माफीनामा शाळेवर दबावाचा आरोप करायला उत्तम कागद ठरतो, आणि पोराच्या मनातही काही हलत नाही.

दप्तर तपासायचं झालं तर मुलालाच ते टेबलावर रिकामं करायला सांगा, दोन शिक्षकांसमोर. अंगझडती नाही.

नोंद कशी असावी

ही पायरी सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची. 'अमुक विद्यार्थ्याने गैरवर्तन केले, समज दिली' ही नोंद नव्हे. कशाला समज, कोणी दिली, दुसऱ्याचं काय झालं, काहीच कळत नाही. वेगळी घटना नोंदवही ठेवा, पानांना क्रमांक टाकलेली, सुटे कागद नकोत. मजकूर असा:

'इयत्ता नववी, मधली सुट्टी, दुपारी 1.40. टाकीच्या मागील बाजूस. क ने ख च्या तोंडावर मुठीने मारले असे ग व घ या विद्यार्थ्यांनी पाहिले. ख चे म्हणणे: "सायकलची हवा सोडली म्हणून विचारलं तर मारलं." क चे म्हणणे: "आईवरून शिवी दिली." ख च्या वरच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला, रक्त येत होते. 1.55 ला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले, सोबत क्रीडाशिक्षक. क च्या आजीस 2.05 ला, ख च्या वडिलांस 2.00 ला फोन.' खाली नोंद करणारा, हजर शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या.

वहीत नावं पूर्ण लिहायची; व्हॉट्सअ‍ॅपच्या पालक गटावर एकही नाव नाही, फोटो नाही. कायद्याच्या कचाट्यात आलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख माध्यमांत उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नं बंदी आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावातले पोर्टलवाले फोन करतात तेव्हा शाळेचं उत्तर एकच: माहिती देता येणार नाही.

शिवी घातली असेल तर शब्द जसाच्या तसा लिहा. 'अर्वाच्य भाषा' लिहिलं की जातीवाचक होती की नव्हती यावर उद्या दोन गट पडतात, आणि मराठवाड्यात शाळेतलं भांडण गावात पोहोचायला संध्याकाळ पुरते.

शाळेच्या पातळीवर काय करावं

तीन दिवसांच्या आत दोन्हीकडच्या पालकांची बैठक. वेळ मजुरीवर जाणाऱ्यांना जमेल अशी, म्हणजे सकाळी शाळा भरण्याआधी. आधी दोन्ही घरांशी वेगवेगळं बोलून मगच एकत्र बसवा, नाहीतर पोरांचं भांडण बापांच्या हातात जातं. सरपंच किंवा पोलीस पाटील बसले तर हरकत नाही, पण पोराची उलटतपासणी त्यांनी करायची नाही.

परिणाम चुकीला जोडलेला असावा आणि मोजका. खिडकीची काच फोडली तर दुरुस्तीत हातभार. काचेच्या तुकड्यांना मात्र हात लावायला लावू नका. दादागिरी केली तर दोन आठवडे मधल्या सुट्टीत शिक्षकाच्या नजरेखाली बसणं. मॉनिटरनं केली तर मॉनिटरपद जातं. चोरलेली वस्तू परत आणि ज्याची होती त्याच्याशी समोरासमोर बोलणं. रोख दंड घेऊ नये. पैसे बाप भरतो आणि पोराला काही लागत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणी, त्याच वहीत दोन ओळी. ही पाहणी चुकली की पोर ओळखतं, इथं विसरलं जातं.

नववी-दहावीत नाव कमी करण्यापर्यंत वेळ आलीच तर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणं चाला: लेखी नोटीस, पालकाला म्हणणं मांडायची संधी, कारणांसह निर्णय, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना प्रत. दहावीचा फॉर्म अडवून शिस्त लावू नका. ते उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात एका दिवसात उलटतं.

पोलिसांकडे जावं लागलं तर

ठाण्यात गेल्यावर बालकल्याण पोलीस अधिकारी मागा; प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असतो, जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. 18 खालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि ताब्यात घेतल्यास 24 तासांत मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. जामीनपात्र असो वा नसो, जामीन हाच नियम.

इथं सगळ्यात मोठा गैरसमज: 'तक्रार दिली म्हणजे पोरावर गुन्हा दाखल.' किरकोळ (3 वर्षांपर्यंत शिक्षेचे) आणि गंभीर (3 ते 7 वर्षं) अपराधांत मुलावर एफआयआर होत नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडं जातो. तुटलेला दात 'गंभीर' मध्ये बसतो. कमाल शिक्षा 7 पेक्षा जास्त पण किमान 7 नसलेले अपराधही 2021 च्या दुरुस्तीनं 'गंभीर' मध्येच धरले आहेत. एफआयआर होतो तो अपराध घोर म्हणजे किमान 7 वर्षांचा असेल तर, किंवा सोबत प्रौढ असेल तर. हे दुसरं महत्त्वाचं: भांडणात पोराचा वीस वर्षांचा चुलतभाऊ गेटवर येऊन उतरला की प्रकरणाची जात बदलते. म्हणून भांडणाच्या दिवशी गेट बंद, आणि बाहेरच्याला आत घेऊ नका.

7 वर्षांखालच्या मुलाचं कृत्य अपराधच नाही. 7 ते 12 मध्ये समज किती ते पाहिलं जातं.

पोलीस शाळेत येतील ते वयाचा दाखला घ्यायला. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 प्रमाणं शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं, मग नगरपालिका-ग्रामपंचायतीचा, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आपल्याकडं निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जूनला येतो, ते गुरुजींनी सोयीनं टाकलेल्या तारखांमुळं. अशा नोंदीवर 17 की 18 हे ठरायची वेळ आली तर जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नका. आहे तीच नोंद द्या.

मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं. किनवटहून नांदेड किंवा भोकरदनहून जालना गाठायचं म्हणजे मजूर बापाचा पूर्ण दिवस आणि मजुरी जाते. जे शाळेत सुटू शकतं ते तारखांना पाठवू नये, याचं हे साधं कारण.

मिटवायचं नाही असं

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की कलम 19 प्रमाणं पोलिसांना कळवावंच लागतं. करणारा शिक्षक असो, शिपाई असो की वरच्या वर्गातला मुलगा. हाताखालच्या माणसानं केलेलं दडवून संस्थेचा प्रमुख गप्प राहिला तर 1 वर्षापर्यंत कैद. मुलीनं पहिल्यांदा सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहा आणि थांबा. मुख्याध्यापक, मग संस्थाचालक, मग समिती असं चार वेळा वदवून घेतलं की तिचं बोलणं दर वेळी थोडं बदलतं आणि बचावपक्ष नेमकं तेच धरतो. चाइल्ड हेल्पलाइन 1098 वरूनही मदत मिळते.

मोबाइल. आक्षेपार्ह व्हिडिओ सापडला तर तो 'पुरावा' म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करू नका. मुलांचं अश्लील चित्रण पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67ब खाली गुन्हा, पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. फोन बंद करा, पाकिटात घाला, वर वेळ आणि दोन सह्या, आणि पोलिसांकडं द्या. साधा फोन सापडला असेल तर त्याच दिवशी पालकाच्या हाती, सही घेऊन. गॅलरी उघडायची नाही.

वसतिगृहं आणि शिकवण्या. लातूरला बारावी, नीटसाठी गावोगावची पोरं खोल्या करून राहतात. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा 1999 मध्ये वसतिगृह आणि शिकवणी संस्थाही येतात. तक्रार आल्यापासून 7 दिवसांत चौकशी, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन आणि लगेच पोलिसांकडं. टाळाटाळ करणारा प्रमुख अपप्रेरणा दिल्याचा धरला जातो.

गुटखा, तंबाखूच्या पुड्या. इथं पोर गुन्हेगार नाही, टपरीवाला आहे. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकता येत नाही, आणि मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाचं कलम 77 आहे, 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पोराला झापण्यापेक्षा टपरीचा फोटो आणि लेखी तक्रार जास्त काम करते. टपरी कोणाच्या मेहुण्याची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तक्रार शाळा समितीच्या ठरावानं पाठवावी, एकट्या शिक्षकाच्या नावानं नको.

शिक्षकानंच मारलं तर

लपवू नका. त्याच दिवशी वरच्याच पद्धतीनं नोंद, मुलाची तपासणी, पालकांना शाळेकडूनच पहिला फोन. पालकानं लेखी तक्रार दिली तर पोच द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणं स्थानिक प्राधिकरणानं 3 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. उलट पालकच शाळेत घुसून जिल्हा परिषद शिक्षकाला मारतात तेव्हा तो लोकसेवकावरचा हल्ला आहे. ती तक्रार वेगळी द्यावी, पोराच्या तक्रारीशी सौदा म्हणून वापरू नये.

मुलगा परत येतो तेव्हा

मंडळ बहुतेकदा समज, समुपदेशन, सामाजिक सेवा किंवा परिवीक्षा (देखरेखीखाली मोकळीक) देऊन घरी पाठवतं. तो सोमवारी वर्गात येतो. त्याची जागा बदला, दोघांना एकाच गटात घालू नका, आणि एक शिक्षक ठरवा ज्याच्याशी तो रोज पाच मिनिटं बोलेल. बाल न्याय अधिनियमानुसार ही नोंद पुढं त्याच्या आड येत नाही. अपवाद 16 वर्षांवरचा आणि प्रौढ म्हणून खटला चाललेला मुलगा. दाखल्यावरच्या 'वर्तणूक' या रकान्यात मंडळाचा किंवा पोलिसांचा उल्लेख करू नका. काही लिपिक 'समाधानकारक नाही' असं सहज टाकून देतात, म्हणून तो दाखला सहीला येईल तेव्हा मुख्याध्यापकांनी रकाना स्वतः वाचावा.